चौसष्टावा वाटा

सप्टेंबरात रत्नागिरीत थर सुकत नाही.
डीह्युमिडिफायर रात्रभर बादली भरतो,
सकाळी ती मी खिडकीतून खालच्या गुलबक्षीवर ओतते,
तरी काचेवर काळे ठिपके येतातच.
भाट्याची खाडी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते
आणि माझ्या सहा महिन्यांच्या उजेडाला
भोकं पाडून जाते.

बाबा आले होते मोतीबिंदूसाठी.
वेंगुर्ल्याहून एसटीनं, पिशवीत खारे बांगडे.
वॉर्डात नको म्हणाल्या सिस्टर,
म्हणून ते लॅबमध्ये.
काल डाव्या डोळ्याची पट्टी सुटली.
डॉक्टर म्हणाले, काही दिवस
निळं जरा जास्तच निळं दिसेल.

तर त्यांना आधी तीच बाटली दाखवली.
करंगळीएवढी. आत पाण्यासारखं काहीतरी,
त्यात जस्ताचे कण, कुठल्याच डोळ्याला न दिसणारे.
दिवे घालवले, गॉगल चढवला त्यांच्या नाकावर,
आणि ज्याचा उजेड दिसत नाही
तो टॉर्च लावला.

"आवशीक खाव! पाणी पेटला!"
रापण ओढताना काळोखात पेटतं, तसंच, म्हणाले.
बोट लावायला गेले. मी हात धरला.

मग दुसरी बाटली. तेच कण, तेवढेच,
फक्त थेंबभर रंग जास्त,
कोळशाच्याच कुळातला, कड्यांमागून कडी गुंफलेला.
टॉर्च तोच.
लाल.

"निळो खंय गेलो?"

गेला नाही, बाबा. दिला.
कण जागा होतो, आणि उजेड टाकायच्या आतच
शेजारचा रेणू ते घेऊन टाकतो.
हातोहात नाही, हात लागतच नाहीत.
मध्ये ठिणगी नाही,
वाटेत कुणाला दिसेल असं काहीच नाही.
दोघांचे हेलकावे जुळावे लागतात
आणि अंतर थोडं लागतं.
अंतराचा सहावा घात, म्हटलं.
घात या शब्दाला ते जरा दचकले.
म्हणजे दुप्पट लांब गेलं, तर चौसष्टावा वाटा.
आणि दिलं हे कळतं कसं?
देणाऱ्याचं आयुष्य मोजतो आम्ही.
एकटा असला तर अकरा नॅनोसेकंद.
घेणारा जवळ असला
तर तीन.

हे मी रोज बोलते. सेमिनारला बोलते.
पण बोलून झाल्यावर
यंत्राचा पंखा एवढा मोठ्यानं कधी ऐकला नव्हता.

बराच वेळानं: "मगे हो उजेड कोणाचो?"

माझ्या आलेखात तो लालचा आहे.
शिखर लाल, नाव रंगाचं, खाली टक्के.
निळ्यासाठी एक तुटक रेघ.

बाबा पांडग्या केळुसकराचं सांगू लागले.
इंजिनात हात गेलेला माणूस.
रापणीला सगळ्यांच्या मागे, सुरूच्या बुडाशी बसायचा,
आलेला दोर एका हातानं गुंडाळत.
मासा त्याला दिसायचाच नाही, पाटी भरेपर्यंत.
"तेकाव अख्खो वाटो."
कित्याक, मी विचारलं.
"दोर तेच्याकडे येय होतो मां."

हे वेगळं आहे, असं म्हणणार होते.
कुठं वेगळं ते नीट सुचलं नाही.

त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा.
"ह्या डोळ्यान लाल. त्या डोळ्यान चायेसारखो."
दुसरा पुढच्या महिन्यात, म्हटलं.
"बघूया."

दुपारच्या गाडीला त्यांना बसवलं.
वेंगुर्ला इथून पावणेदोनशे किलोमीटर असेल.
त्याचा सहावा घात मी काढत नाही.

संध्याकाळी नवा थर काढला. सात ठिपके.
बादली पुन्हा काठोकाठ.
वर कागदात बांगडे तसेच राहिलेत;
या लॅबमध्ये आत्ता कोरडं असं
तेवढंच आहे.